मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी? दादांच्या वहीतले चार महिने

पूर्णाकाठ · रविवार, रात्री ९:२०

थोडं लांबणार आहे. पण ज्यांचे आईवडील गावाकडं एकटे राहतात आणि ज्यांनी त्यांच्या हातात नवा मोबाईल दिलाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या अलीकडं. मी वाळूजला कंपनीत आहे, महिन्यातला एखादा रविवार गावी जातो. दादांना, म्हणजे वडिलांना, सात वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. दिवाळीत त्यांना फोन घेऊन दिला आणि भाच्यानं हौसेनं त्यात एक ॲप टाकून दिलं. मागच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, फ्लॅश पेटतो, अर्ध्या मिनिटात ठोके, बीपी, ऑक्सिजन, सगळं पडद्यावर. दादा शिस्तीचे. डेअरीच्या हिशेबाची एक लांब वही उरली होती, तिच्यात त्यांनी रेघा मारल्या आणि रोज सकाळी दूध घालून आल्यावर आकडा लिहायला लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तेव्हा वही चाळली. १२४/८२. १२१/८०. १२६/८३. १२२/८१. पानामागून पान असंच. सात वर्षांत दादांचा बीपी लागोपाठ दोन दिवस सारखा आल्याचं मला आठवत नाही. उन्हातून आले की वेगळा, रात्री पाण्याची पाळी करून आले की वेगळा. आणि इथं चार महिने तिफणीनं पेरल्यासारखे एका मापात.

तेवढ्यात माय म्हणाली, "आता गोळी बंद केलीय यांनी. मोबाईल नॉर्मल दाखवायलंय म्हणायलेत."

दादा म्हणाले, "उगं कामून खायची मग?"

सकाळी उठल्यावर डोकं जड वाटतं, परवा विहिरीवर घेरी आली होती, हेही माय बोलता बोलता बोलून गेली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला: १८६/१०४. पाच मिनिटं गप बसवून परत घेतला: १८२/१०२. मी त्याच खुर्चीवर, दादांचं तेच बोट ठेवून ॲप लावलं. १२५/८२.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, "यात वय किती टाकलंय?" चौसष्ट. त्यांनी ते खोडून अठ्ठावीस केलं आणि दादांना परत बोट ठेवायला सांगितलं. ११६/७५. बोट तेच, माणूस तोच, मधे दोन मिनिटंही गेली नव्हती. बदललं ते फक्त वय.

मग ते दादांना म्हणाले, "तुमच्या मोटारीच्या पाइपातून पाणी गचके देत येतं, ते लांबून दिसतं की नाही?" दिसतं. "गचके मोजता येतील?" येतील. "पण पाण्याला जोर किती आहे ते कसं बघता?" दादा लगेच म्हणाले, "तोंडावर अंगठा दाबून." "मग हा पट्टा म्हणजे तो अंगठा. मोबाईलला अंगठा नाही."

गोळी त्याच दिवशी परत सुरू झाली, दादा आता बरे आहेत. पण तेव्हापासून मला चैन नाही. रोज रात्री यावर वाचत बसतो. जेवढं समजलं ते असं.

प्रत्येक ठोक्याला बोटातल्या बारीक नसांमध्ये रक्त भरतं आणि ओसरतं. रक्त भरलं की फ्लॅशचा उजेड जास्त शोषला जातो, बोटाचं चित्र किंचित काळं पडतं. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो, त्याला कळतं. किती वेळा काळं पडलं ते मोजलं की ठोके मिळाले. ही खरी मोजणी आहे. मी स्वतः घड्याळ लावून मनगटाची नाडी मोजली आणि लगेच ॲप लावून बघितलं: बसून ७५ ला ७४, तीन मजले चढून आल्यावर ११२ ला १०८. माझं समाधान झालं. म्हणजे त्याच ॲपमधला एक आकडा खरा आणि त्याच्या शेजारचा अंदाजपंचे, आणि दोन्ही सारख्याच ठळक अक्षरात. खरा आकडा शेजारी असल्यामुळंच दादांचा खोट्यावर विश्वास बसला, असं मला आता वाटतं.

तुमच्याकडं कुणाला असा अनुभव आलाय का? आणि ऑक्सिजन, ताप, श्वास यांचं काय? जाणकारांनी सांगावं.

---

सोनपेठकर · रविवार, रात्री १०:०५

दादा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पण सगळीच ॲप खोटी असं म्हणू नये असं मला वाटतं. माझ्याकडं कोरोनातला ऑक्सिमीटर अजून आहे. मी दहा वेळा दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितले. ऑक्सिमीटर ९८ तर मोबाईल ९८, कधी ९७. दहा पैकी दहा वेळा जुळलं. माझ्या आईला दम्याचा त्रास आहे, ती माझ्याकडंच असते आणि मी रोज तिचं मोबाईलवरच बघतो.

---

मांजरा_बॅकवॉटर · रविवार, रात्री १०:४८

सोनपेठकर काका, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या गटाचा प्रोजेक्ट याच विषयावर होता, म्हणून धीर करून लिहितो. तुम्ही चाचणी मनापासून केलीत, पण निरोगी बोटावर केलीत. निरोगी माणसाचा ऑक्सिजन दिवसभर ९६ ते ९९ च्या मधेच असतो. मी मे महिन्यात रोज सांगितलं की "उद्या लातुरात पाऊस नाही", तर बहुतेक दिवस मी खराच ठरेन. त्यावरून मला पावसातलं कळतं असं होत नाही. ज्या दिवशी अवकाळी येईल त्या दिवशी माझी परीक्षा. तुमच्या ॲपची परीक्षा ऑक्सिजन ८८ असलेल्या बोटावर आहे, आणि ती परीक्षा घरात घेता येत नाही.

ऑक्सिमीटर कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. त्यात दोन दिवे असतात, एक लाल (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि एक अवरक्त, डोळ्याला न दिसणारा (साधारण ९४०). ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल उजेड जाऊ देतं आणि अवरक्त जास्त अडवतं. ऑक्सिजन सोडलेलं रक्त याच्या उलट. दोन्हींच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढतात. १९७० च्या दशकात ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं ही युक्ती शोधली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, जग या यंत्रासाठी धावत होतं तेव्हाच, ते वारले. मला ही गोष्ट नेहमी आठवते.

पण नुसतं गुणोत्तर मिळून भागत नाही. कोणत्या गुणोत्तराला किती टक्के म्हणायचं हे ठरवायला निरोगी स्वयंसेवकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी ऑक्सिजनची हवा देतात, पार ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, आणि दर टप्प्यावर धमनीतलं रक्त काढून तपासतात. प्रत्येक चांगल्या ऑक्सिमीटरच्या मागे हे काम असतं. फुकटच्या ॲपमागे ते असेल असं धरून चालू नका.

एक प्रयोग आम्ही केला तो सांगतो. घरातला पिकलेला टोमॅटो घेतला आणि कॅमेऱ्यावर दाबून धरला. फ्लॅशनं पडदा लाल झाला, ॲप मोजायला लागलं आणि शेवटी निकाल आला: ठोके ७२, ऑक्सिजन ९७. ठोके बहुधा माझ्या हाताच्या थरथरीतून आले असावेत. ऑक्सिजन कुठून आला ते मी सांगू शकत नाही. दुसऱ्या एका ॲपनं मात्र "बोट नीट ठेवा" म्हणून आकडा द्यायला नकार दिला. आकडा न देणारं ॲप मला जास्त प्रामाणिक वाटलं.

हे तंत्र कधीच होणार नाही असंही नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतलं वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन डिएगो शाखा इथल्या लोकांनी साध्या फोनच्या कॅमेऱ्यानं आणि फ्लॅशनं ७० टक्क्यांपर्यंतचा ऑक्सिजन ताडून बघितला. ऑक्सिजन कमी आहे की नाही हे ८० टक्के वेळा बरोबर आलं. पण त्यात माणसं होती सहा. आणि दर पाच वेळांतून एकदा चुकणारा आकडा दम्याच्या पेशंटसाठी चालणार नाही.

---

रिपेअरवाला_जालना · सोमवार, सकाळी ८:१५

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. फोल्डर (म्हणजे पडदा) बदलायला, चार्जिंगला, पाण्यात पडलेले, सगळे फोन उघडतो. शपथेवर सांगतो, आज जे दहा-पंधरा हजारांचे फोन येतात त्यात अंगाचा बीपी, ऑक्सिजन मोजायचा कोणताही पार्ट नाही. कॅमेरा आहे, फ्लॅश आहे, माईक आहे, फोन हलला की कळणारी चिप आहे. बस.

पूर्वी होता. २०१४ ला सॅमसंगचा गॅलक्सी एस फाईव्ह आला त्याच्या मागे, फ्लॅशच्या शेजारी ठोके मोजायचा सेन्सर होता. त्याच वर्षीच्या नोट फोरमध्ये ऑक्सिजनही बघता यायचा, कारण त्यात लाल आणि अवरक्त दोन्ही दिवे होते. पुढं कंपनीनं फोनमधून हा पार्ट काढूनच टाकला आणि हे काम घड्याळाकडं गेलं.

बरं, कॅमेऱ्याचं म्हणाल तर मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त उजेड अडवणारी काच बसवलेली असते, नाहीतर फोटोचे रंग बिघडतात. घरी करून बघा. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनांत पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो, मागच्यात दिसत नाही किंवा अगदी फिका दिसतो. आणि ॲप तर मागच्याच कॅमेऱ्यावर बोट ठेवायला सांगतं. ऑक्सिमीटरला लागणाऱ्या दोन उजेडांपैकी एक देणारा दिवा फोनमध्ये नाही, आणि बघणाऱ्या डोळ्यावर पट्टी बांधलेली. वरच्या पोरानं जे लिहिलंय त्याची ही दुसरी बाजू.

गिऱ्हाईकांच्या फोनमध्ये असली ॲप दिसली की मी विचारून काढून टाकतो. २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर दोस्त खात्यानं इशारा दिला होता की ऑक्सिमीटरच्या नावाखाली फिरणारी बनावट ॲप लोकांची वैयक्तिक माहिती चोरतात. बोट कॅमेऱ्यावर ठेवायला सांगणारं ॲप जर कॉन्टॅक्ट, मेसेज, फोटो यांची परवानगी मागत असेल तर तिथंच थांबा. ठोके मोजायला तुमचे मेसेज कशाला लागतात?

---

डॉ_बालाघाट · सोमवार, दुपारी २:४०

ओपीडी संपवून लिहितोय. बीड जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. पूर्णाकाठ, तुमच्या वडिलांसारखे पेशंट आता नियमित येतात आणि मला याची फार काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं एक ॲप २०१४ मध्ये अमेरिकेत निघालं आणि लाखावर लोकांनी पैसे देऊन विकत घेतलं. फोन छातीवर धरायचा, बोट कॅमेऱ्यावर. तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ८५ लोकांवर ते प्रमाणित मशीनशी ताडून बघितलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला. ज्यांचा बीपी खरोखर वाढलेला होता त्यांच्यापैकी दर पाचातल्या जवळपास चौघांना ॲपनं "ठीक आहे" असं सांगितलं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीवर कारवाई केली. तोवर ॲप बाजारातून गेलेलं होतं, पण त्याच वाटेनं जाणारी नवी रोज येतात.

चूक कुठल्या बाजूला झुकते ते बघा. अशी ॲप वय, वजन, उंची विचारतात आणि त्या वयाच्या माणसाचा जो सर्वसाधारण आकडा असतो त्याच्या आसपास उत्तर देतात. त्यामुळं ज्याचा बीपी ठीक आहे त्याला ते बरोबर वाटतं, आणि ज्याला धोका आहे नेमका तोच फसतो. चुकून जास्त दाखवलं असतं तर माणूस निदान दवाखान्यात आला असता.

दाब मोजायला दाबच लागतो. १८९६ मध्ये रिवा-रोची या इटालियन डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवायची पद्धत आणली, १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरांनी पट्टा सैल करताना नळीतून येणारे आवाज ऐकायला शिकवलं. आजचं बॅटरीचं मशीन आवाज ऐकत नाही, पट्ट्यातली थरथर मोजतं, पण पट्टा आवळतंच. तुमच्या डॉक्टरांचं अंगठ्याचं उदाहरण मी आता माझ्या पेशंटना सांगणार आहे.

मात्र मशीन घेतलं म्हणजे झालं असंही नाही. आमच्याकडं लोक शेतातून येतात, चहा घेऊन खुर्चीवर टेकतात आणि सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधायला दंड पुढं करतात. आधी लघवीला जाऊन यावं, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप बसावं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. दंड उघडा आणि टेबलावर टेकवलेला, पट्टा काळजाच्या उंचीवर. दंड दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी आकडा सात-आठनं वाढतो, हे साधं पाण्याच्या उंचीचं गणित आहे. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा घ्या आणि दोन्ही लिहा. घरी घेतलेला आकडा सतत १३५/८५ च्या वर राहत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडं जा. आणि कोणताही आकडा बघून गोळी स्वतःहून बंद करू नका. गोळीमुळंच बीपी नॉर्मल आलेला असतो!

ऑक्सिमीटरबद्दलही एक सांगतो, कारण सोनपेठकरांच्या आईचा प्रश्न आहे. खरं ऑक्सिमीटरसुद्धा अचूक नाही. यंत्र ९० दाखवत असेल तर रक्तातला खरा आकडा ८६ ते ९४ मध्ये कुठंही असू शकतो, असं अमेरिकेचं औषध प्रशासन स्वतः सांगतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन ८८ च्या खाली गेलेला, असं गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के वेळा आढळलं आणि काळ्या रुग्णांमध्ये ११.७ टक्के वेळा. कातडीचा रंग उजेडाच्या वाटेत येतो. आपल्याकडं जन्मभर उन्हात राबलेली माणसं आहेत, त्यामुळं ही गोष्ट मी मनात ठेवतो. तपासून बनवलेल्या यंत्राची ही गत, तर फोनचं काय सांगायचं? सोनपेठकर, आईंना धाप लागली, बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले तर पडद्यावर ९८ असला तरी तडक दवाखाना गाठा. रोजच्यासाठी तुमच्याकडचा ऑक्सिमीटरच वापरा, सेल बदलून घ्या.

---

सोनपेठकर · सोमवार, सायंकाळी ६:३०

डॉक्टर साहेब, बाळा (मांजरा_बॅकवॉटर), पटलं. मी आईच्या बोटावर कधी ताडूनच बघितलं नव्हतं, दहाही वेळा माझंच बोट होतं. आज तिच्या बोटाला दोन्ही लावले. ऑक्सिमीटर ९३, मोबाईल ९८. तीनदा केलं, ९३, ९४, ९३. मोबाईल हलला नाही. ॲप काढून टाकलं, उद्या तिला घेऊन दाखवून येतो.

---

कळंबकर · सोमवार, सायंकाळी ७:१०

ताप बघणाऱ्या ॲपचं काय? बायकोच्या फोनमध्ये आहे, बोट ठेवलं की ताप सांगतं.

---

रिपेअरवाला_जालना · सोमवार, रात्री ८:००

कळंबकर, फोनमध्ये उष्णता मोजणारे छोटे पार्ट असतात, पण ते बॅटरी आणि बोर्ड तापलं का ते बघायला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४२-४३ डिग्री असतं, फोन खिशातून काढला की तोच तापलेला. बोट ठेवून ताप सांगणारं ॲप विसरा. गुगलच्या पिक्सल एट प्रोमध्ये (२०२३) मागं अवरक्त थर्मामीटर खरंच बसवलेला आहे आणि अंगाचा ताप बघायला त्याला अमेरिकेत २०२४ मध्ये परवानगीही मिळाली. पण त्या किमतीत आमच्याकडं जुनी मोटारसायकल येते. मेडिकलमध्ये शे-दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो काखेत धरा.

---

उपकेंद्रातली_ताई · मंगळवार, रात्री ९:५५

मी उपकेंद्रावर सिस्टर आहे, गाव सांगत नाही. मला या फोनच्या एका गोष्टीबद्दल चांगलं लिहायचंय, कारण माझ्या कामात ती रोज लागते. ते म्हणजे फोनमधलं सेकंदाचं घड्याळ.

लहान लेकराला खोकला झाला की न्यूमोनिया आहे का हे आम्ही आधी श्वास मोजून बघतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. लेकरू शांत पाहिजे, रडत किंवा पीत नको. आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर चुकतं, कारण लेकरांचा श्वास एका लयीत नसतो.

या हिवाळ्यात एका वस्तीवर गेले होते, ऊसतोडीला गेलेल्या घरचं लेकरू आजीकडं होतं, नऊ महिन्यांचं. साडीच्या झोळीत निजलेलं. आजी म्हणाली, "सर्दी हाय नुसती, ताई." मी झबलं वर केलं, फोन झोळीच्या काठाला टेकवून घड्याळ चालू केलं आणि पोट वर आलं की एक असं मोजत गेले. चाळीस सेकंदांतच चाळीस झाले. मिनिटाला ५८. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात होता. तिथूनच गाडी बोलावली. ताप फारसा नव्हता, लेकरू रडतही नव्हतं, नुसतं बघून सर्दीच वाटली असती. पाच दिवसांनी घरी आलं, आता रांगतंय.

फोननं आपोआप श्वास मोजायचीही सोय निघालीय. २०२१ मध्ये गुगलनं आपल्या फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्यासमोर बसून छातीची हालचाल बघून श्वास मोजायची सोय दिली. ती मोठ्या माणसासाठी, तीही समोर स्थिर बसून. झोळीतल्या लेकराला ती लावू नका, डोळ्यानं मोजा.

आणि ठोक्यांबद्दल. पूर्णाकाठ म्हणतात ते खरं आहे, ठोके बरे येतात, पण हात गरम असेल तर. परभणीची थंडी तुम्हाला माहीतच आहे, डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातला सगळ्यात कमी आकडा बहुधा आमच्याकडचाच. सकाळी गार पाण्यात भांडी घासून आलेल्या बाईच्या बोटात रक्तच कमी येतं, तिथं ऑक्सिमीटरसुद्धा नुसत्या रेघा दाखवतो. हात चोळून, पदरात धरून गरम केला की लागतो. कापूस वेचणाऱ्या बायकांची बोटांची टोकं बोंडांनी चिरलेली आणि घट्ट झालेली असतात, तिथं मी दुसरं बोट घेते. काळी मेंदी असेल तर मेंदी नसलेलं बोट शोधते. ठोके अनियमित वाटले, मधेच एखादा गाळतोय असं वाटलं, तर ॲपवर सोडू नये, मनगटाला हात लावून पूर्ण मिनिट मोजावं आणि दवाखान्यात पट्टी काढायला, म्हणजे ईसीजीला, पाठवावं.

---

कळंबकर · मंगळवार, रात्री १०:२०

ताई, वाचून अंगावर काटा आला. एक शेवटचं विचारतो. मुलगा म्हणतोय बाबा तुम्हाला घड्याळच घेतो, त्यात बीपी आणि शुगरही दिसते. घेऊ का?

---

डॉ_बालाघाट · बुधवार, दुपारी ३:०५

शुगर दाखवणाऱ्या घड्याळाला पैसे घालू नका. सुई न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण परवानगी दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं असल्या आकड्यावर डोस ठरवला तर जिवावर बेतेल. दंडाला चिकटवायचा सेन्सर वेगळा, त्याची बारीक सुई कातडीखाली जाते.

बीपीचं म्हणाल तर काही नामांकित घड्याळांत सोय आहे, पण सॅमसंगच्या घड्याळाला दर २८ दिवसांनी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे मशीन घरात लागतंच. मग आधी मशीनच घ्या. ठोक्यांसाठी मात्र घड्याळ चांगलं. ठोक्यांची लय बिघडली तर ओळखण्यातही ते उपयोगी पडतं, त्यावर अमेरिकेत चार लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये झालाय.

---

पूर्णाकाठ · रविवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर ताईंचा प्रतिसाद मी मायला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला.

काल मशीन घेऊन गावी आलो. दंडाचं घेतलं, मनगटाचं नाही. 'स्ट्राइड बीपी' म्हणून तपासून पास झालेल्या मशीनची यादी नेटवर आहे, तिच्यात मॉडेल बघून घेतलं. आपल्याकडंही २०२१ पासून बीपी मशीन, थर्मामीटर, ग्लुकोमीटर औषध कायद्याखाली आलेत, खोक्यावर परवान्याचा नंबर असतो, तोही बघितला. दुकानदाराला दादांच्या दंडाचं माप सांगितलं (मायनं साडीच्या काठानं मोजून फोनवर सांगितलं होतं, ३४ सेंटिमीटर), तर तो म्हणाला साधा पट्टा ३२ पर्यंतच चालतो, मोठा घ्या. दादांचा दंड अजूनही पहिलवानाचा आहे. लहान पट्ट्यानं आकडा उगाच जास्त आला असता.

आज सकाळी दूध घालून आल्यावर दादांना पाच मिनिटं बसवलं. त्यांना गप बसवणं हेच अवघड होतं. १४८/९२, मग १४४/९०. अजून उतरायचाय. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलंय.

वहीतल्या आधीच्या चार महिन्यांच्या पानांवर दादांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी रेघ मारली आणि वर "मोबाईल" असं लिहिलं. पानं फाडायला नको म्हणाले, डॉक्टरांना दाखवायची आहेत. नव्या पानावर तीन रकाने केलेत: पहिला आकडा, दुसरा आकडा, गोळी घेतली का.

---

सोनपेठकर · रविवार, रात्री ९:३०

मोठा पट्टा वेगळा मिळतो का मशीनसोबतच येतो? आईसाठी मलाही घ्यायचंय. तिचा दंड अगदी बारीक आहे.

---

पूर्णाकाठ · रविवार, रात्री ९:४१

वेगळा घ्यावा लागला, त्याच कंपनीचा, दुसऱ्या कंपनीचा लावू नका. बारीक दंडासाठी लहान मापाचाही येतो. आधी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे टेप लावून माप घ्या आणि दुकानात जाताना लिहून न्या.